कुणीच सोडलं नाही, तरी एक आला

माणसांचा ट्रान्झिस्टर करायचा, असं सरांनी ठरवलं त्या दिवशी घरात त्यांना कुणी अडवलं नाही, आणि पहिली चूक तिथेच झाली. एरवी नवऱ्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे सरांच्या बायकोला जेवतानाच कळायचं. घास हातात धरून माणूस भिंतीकडे बघायला लागला की ती ताबडतोब म्हणायची, "जे काय असेल ते नको." पण त्या दिवशी तीही भिंतीकडेच बघत होती. लेक तोंडी परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन घरी आली होती.

लेकीचं घरातलं नाव ठकी. बाहेरचं नाव प्रवेशपत्रावर छापलेलं होतं, आणि ते प्रवेशपत्र आता एकदाच चालणार होतं. तिच्या तंत्रनिकेतनाचा नियमच तसा. एका विषयाच्या तोंडीला तीनदा आपटलात की अभ्यासक्रमातून नाव कमी, मग तुम्ही घरी. लेखी परीक्षेत ठकी कधी अडकली नाही. तोंडीला मात्र बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघत विचारायचे, "बायस दिलेल्या ट्रान्झिस्टरमधून प्रभारवाहक कसे जातात, सांग," आणि हिची दातखीळ बसायची.

आता यात गंमत अशी, की सर स्वतः दुसऱ्या एका तंत्रशाळेत सव्वीस वर्षं हेच शिकवत होते. सव्वीस वर्षं! वर्गातली कितीतरी पोरं त्यांच्या हाताखालून गेली, कुणी मोठमोठ्या कारखान्यांत लागली, आणि स्वतःच्या घरची ही एक ट्रान्झिस्टरच्या उंबऱ्यावर अडून बसली होती. हा अपमान सर कुणाजवळ बोलून दाखवत नव्हते. सगळ्या इमारतीला तो माहीत होता, हा भाग वेगळा.

"पाठ आहे ना तुला?" सरांनी विचारलं.

"आहे."

"मग सांगायला काय होतं?"

"ते म्हणतात पाठ केलेलं नको, काय दिसतं ते सांग. मला काही दिसतच नाही, बाबा. तुम्ही फळ्यावर बाण काढता. मला बाणच दिसतो."

हे सरांना फार लागलं. सव्वीस वर्षं त्यांनी बाणच काढले होते. रात्रभर तळमळून सकाळी उठल्याबरोबर ते खाली गेले, इमारतीच्या भोवती दोन चकरा मारल्या, आणि वर येऊन जाहीर केलं, "आपली इमारत म्हणजे ट्रान्झिस्टर आहे."

बायकोने चहाचा कप पुढे सरकवला आणि म्हणाली, "बरं."

खरं तर सरांचं चुकलं नव्हतं. ट्रान्झिस्टर म्हणजे शेजारीशेजारी तीन खोल्या. पहिली एमिटर, तिथे सगळी गर्दी. मधली बेस, अगदी चिंचोळी, आणि तिच्यात थोड्याच रिकाम्या जागा. तिसरी कलेक्टर, ऐसपैस. पहिलीतल्या गर्दीला आत ढकलायचं आणि तिसरीतून ओढून घ्यायचं, या ढकलण्या-ओढण्याला म्हणायचं बायस. इमारतीला पुढे गाड्या लावायची मोकळी जागा होती, मागे अंगण होतं, आणि दोन्ही आतून जोडणारा एकच बोळ होता. विजेचे मीटर त्यातच, आणि जिन्याकडे उघडणारं एक बारकं दारही त्यातच. गर्दी पुढे जमवायची, बोळातून पाठवायची, मागच्या अंगणात उतरवायची. बोळात सोसायटीच्या घडीच्या लोखंडी खुर्च्या ठेवायच्या, त्या म्हणजे रिकाम्या जागा. जाता जाता एखादा बसला तर बसला, त्याला बाजूच्या दारातून बाहेर काढायचं. ठकीने स्वतः त्या गर्दीत चालायचं. एकदा पायाखालून गेलं की कोण विसरतंय?

पण इमारत म्हटली की सेक्रेटरी आले. हे गृहस्थ दिवसभर मजल्या-मजल्यावर फिरत असत. कुणाच्या दाराशी चप्पल तिरकी पडली आहे, कुणाच्या कुंडीतलं पाणी खालच्या गॅलरीत ठिबकतंय, सगळ्याची नोंद आणि सगळ्याची नोटीस. सरांनी अर्ज दिला. सेक्रेटरींनी तो तीन प्रतींत मागितला. मग कार्यक्रमाचं स्वरूप विचारलं. छापील अर्जात लग्न, शोकसभा आणि इतर असे तीनच रकाने होते.

"इतर," सर म्हणाले.

"इतरला कमिटीची मंजुरी लागते. शोकसभेला लागत नाही."

"अहो, कुणी गेलेलं नाही!"

"मी तुमच्या सोयीसाठी सांगतोय. बरं, हे प्रभारवाहक कोण? बाहेरचे असतील तर यादी लागेल, फ्लॅट क्रमांकासकट."

"प्रभारवाहक म्हणजे आपणच सगळे."

सेक्रेटरींनी बराच विचार केला आणि लिहिलं: प्रभारवाहक, रहिवासी, संख्या तीस, पादत्राणं काढून. खाली शिक्का मारला. शेवटी शोकसभेच्या रकान्यावरच खूण करून परवानगी मिळाली, आणि सरांनीही उगाच फाटे फोडले नाहीत.

पहिली तालीम रविवारी सकाळी झाली. मागच्या अंगणात मोठा पंखा आणि लिंबाच्या सरबताचं पातेलं ठेवलं होतं, म्हणजे कलेक्टरची ओढ. बोळात सहा खुर्च्या मांडल्या होत्या. अंगणाच्या तोंडाशी टेलिफोनवाल्या मावशी बसल्या. या मावशींनी उभी हयात टेलिफोनच्या केंद्रात काढलेली, आता डोळ्यांना कमी दिसायचं, पण मोजणीत चूक नाही. येणाऱ्याने त्यांच्या उघड्या तळहाताला हात लावायचा आणि पुढे जायचं. त्या डोळे मिटून आकडा म्हणणार. सरांनी शिट्टी वाजवली, तीस जण बोळात शिरले, आणि अंगणात एकही उतरला नाही.

सर धावत गेले. बोळातल्या सहा खुर्च्यांवर सहा जण बसले होते आणि उरलेले चोवीस आपला नंबर कधी लागतो म्हणून उभे होते. दातांचे डॉक्टर तर पाय लांब करून बसले होते.

"अहो, बसायचं नाही, पुढे जायचंय!"

"मग खुर्च्या कशाला ठेवल्या?" डॉक्टरांनी विचारलं. सरांकडे उत्तर होतं, पण ते फळ्यावरचं होतं.

मग सल्ल्यांना तोंड फुटलं. विमेवाले म्हणाले, खुर्च्यांना काटे लावा. डॉक्टरांच्या बायकोला वाटलं, बोळातच सरबत ठेवावं म्हणजे कुणाला त्रास नाही. पण उत्तर ठकीने दिलं, हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं. "खुर्च्या कमी करा ना, बाबा. म्हणूनच बेसमध्ये जागा थोड्या असतात." सरांनी तिच्याकडे वळून बघितलं. हे वाक्य पाठ केलेलं नव्हतं, हे त्यांना आवाजावरून कळलं. त्यांनी चार खुर्च्या उचलून जिन्याखाली रचल्या. दोनच ठेवल्या.

दुसऱ्या खेपेला तीस शिरले आणि मावशींनी एकोणतीस मोजले. गुडघे दुखणारे एक आजोबा तेवढे बसले, त्यांना हाताला धरून बाजूच्या दारातून बाहेर काढलं. अगदी पुस्तकातल्यासारखं झालं. सरांनी आनंदाने स्वतः दोन पेले सरबत प्यायलं आणि तिसरा पेला मावशींना नेऊन दिला.

इथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पुढचा दिवस सुट्टीचा होता, आणि उकाडा असा की गॅलरीत टाकलेलं फडकं काठीसारखं ताठ होत होतं. दुपारी तीनच्या सुमाराला सर ठकीला घेऊन खाली उतरले. मावशींना जागेवर बसवलं, पंखा लावला, कालचं उरलेलं सरबत एका पेल्यात ओतून ठेवलं. बाकी इमारत झोपली होती. सर पुढच्या मोकळ्या जागेत उभे राहिले आणि वर्गात बोलतात तसं म्हणाले, "आता एमिटर बंद. आपण एकही माणूस आत सोडत नाही. मग कलेक्टरमध्ये किती येणार? लिही, शून्य."

ठकीने वहीवर पेन टेकवलं, तेवढ्यात बोळाच्या पलीकडून मावशींचा आवाज आला.

"एक."

"मावशी, अजून कुणाला सोडलं नाही!" सरांनी ओरडून सांगितलं.

"मग आत्ता हात लावून गेला तो कोण?"

बापलेक बोळातून पलीकडे गेले. अंगणात मावशींशिवाय कुणी नव्हतं. पंखा फिरत होता. पेला रिकामा होता, आणि आतल्या बाजूला सरबताचा थेंब अजून खाली ओघळत होता.

"तुम्ही प्यालात का?"

"मला साखर चालत नाही. कालचा तुमचा पेलाही मी कुंडीत ओतला," मावशी शांतपणे म्हणाल्या. "हात ऊनऊन होता हो. आणि वजन नव्हतं हाताला. माझ्या हातावर इतक्या वर्षांत कुणी असा हात ठेवला नाही."

परत येताना ठकी बोळात थबकली. "बाबा, आपण दोन खुर्च्या ठेवल्या होत्या ना?"

तीन होत्या. दोन खुर्च्यांच्या पाठीवर सोसायटीने पांढऱ्या रंगात घातलेले आकडे होते. तिसरी तशीच लोखंडी, तशीच घडीची, तोच गंज, फक्त आकड्याच्या जागी काही नव्हतं. सरांनी पुढे होऊन हात लावला आणि चटकन मागे घेतला. ती तापलेली होती. बोळात ऊन कधीच येत नाही.

सर भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांचा विश्वास पुस्तकावर, आणि दुर्दैव असं की हे पुस्तकात होतं. पान एकशे बारा, तळाचं बारीक टाईपातलं चार ओळींचं टिपण. एमिटर बंद असतानाही कलेक्टरमध्ये थोडा गळती प्रवाह येतो. उष्णतेने बेस आणि कलेक्टर यांच्या सांध्यात जोडी सुटते, एक वाहक कलेक्टरकडे ओढला जातो आणि त्याची रिकामी जागा बेसमध्ये जाते. सव्वीस वर्षं सर या टिपणाशी आले की खडू खाली ठेवून म्हणत, "हे नगण्य आहे, सोडून द्या."

घरी तेच वाक्य त्यांनी बायकोला ऐकवलं.

"नगण्य?" बायको म्हणाली. "कुणीतरी न बोलावता येतं, सरबत पिऊन जातं, वर खुर्ची ठेवून जातं, आणि तुम्हाला ते नगण्य वाटतं? तुमच्या बहिणीकडचे आले होते तेव्हा किती मोजून वाढलं होतंत!"

ठकी मात्र दुसऱ्या दिवसापासून वही आणि भिंतीवरचा थर्मामीटर घेऊन खाली जायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी सकाळी नऊला, एके दिवशी बाराला, एके दिवशी तीनला. मावशींना बसवायची, थर्मामीटर बिनआकड्याच्या खुर्चीला टेकवायची आणि गप्प उभी राहायची. सकाळी कुणी आलं नाही. बाराला एक आला. तीनला दोन. आठवड्याच्या शेवटी उकाडा आणखी वाढला त्या दुपारी चौघे आले. तिने आकडे एकाखाली एक लिहिले आणि बापापुढे ठेवले. "दहा अंश वाढले की दुप्पट होतात, बाबा. तुम्ही हे कधी शिकवलंच नाहीत."

लेक आपण होऊन अभ्यास करतेय याचा सरांना इतका आनंद झाला होता की आपल्याला भीती वाटतेय हे त्यांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. रात्री जिना चढताना ते आता बोळाकडे बघत नसत. आणि बोळात बिनआकड्याच्या खुर्च्या आठ झाल्या होत्या.

सेक्रेटरींची नोटीस आलीच. 'अनधिकृत खुर्च्या. संबंधितांनी तीन दिवसांत मालकी सिद्ध करावी अथवा हटवाव्यात.' सरांनी मालकी नाकारली. सेक्रेटरींनी नाकारल्याचं लेखी मागितलं, तीन प्रतींत. विमेवाले म्हणाले, फुकट मिळतायत तर ठेवून द्या, पाहुण्यांना होतील. डॉक्टरांच्या बायकोने एक वर नेलीही, पण संध्याकाळी गुपचूप परत आणून ठेवली. का, ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यांना तिच्यावर बसावंसंच वाटायला लागलं हो."

तोंडी परीक्षेला चार दिवस उरले असताना शेवटची पूर्ण तालीम ठरली होती. सर ती रद्द करणार होते. ठकी म्हणाली, "नको. मला सगळं एकदा चालताना बघायचंय. एकदाच. मग मी कुणालाही सांगू शकेन." तिचा चेहरा बघून सरांना नाही म्हणवेना. वेळ मात्र दुपारी तीनची पडली, कारण या खेपेला सेक्रेटरी परवानगीवर छापलेल्या शोकसभेच्या तीन ते पाच याच वेळेवर अडून राहिले.

बिनआकड्याच्या खुर्च्या घडी करून भिंतीला टेकवल्या. तीस जण पुढे जमले, ठकी सगळ्यांत शेवटी उभी राहिली. ऊन असं होतं की समोरच्या गाड्यांची टपं थरथरताना दिसत होती. सरांनी शिट्टी वाजवली आणि इमारतीला वळसा घालून पळत मागच्या अंगणात आले. मावशी मोजत होत्या. अठ्ठावीस. एकोणतीस. सर निश्चिंत झाले, कारण तीसच पाठवले होते आणि तिसावी ठकी तेवढी यायची होती.

"तीस," मावशी म्हणाल्या. त्यांच्या हाताशी कुणी नव्हतं. "एकतीस. बत्तीस. अगं बाई, जरा सावकाश. तेहतीस."

पातेल्यातलं सरबत खाली खाली जात होतं. डॉक्टर आणि विमेवाले गप्पा मारत होते, त्यांच्यामध्ये दोन माणसांची जागा सुटलेली होती, आणि दोघेही त्या जागेला धक्का लागू नये अशा बेताने हातवारे करत होते. त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं. सगळं अंगण तसंच झालं होतं. लोक एकमेकांना सरकून जागा देत होते, आणि त्या जागेत कुणीच नव्हतं. गर्दीने उकाडा वाढत होता, उकाड्याने आकडा.

"एकेचाळीस," मावशी म्हणाल्या. "सर, हात भाजतोय माझा."

"ठकी कुठाय?" सरांच्या बायकोने विचारलं.

सर बोळाच्या तोंडाशी धावले. बोळ खुर्च्यांनी भरला होता. उघडलेल्या, एकीला एक लागून, जमिनीपासून मीटरच्या पेट्यांपर्यंत, आणि आतून लोखंडाचा हळू कुरकुर आवाज येत होता, आणखी कुणी तरी जागा करून घेत असल्यासारखा. त्यांनी हात घातला तर चटका बसला.

"ठके! ठके, बाहेर ये!"

"येता येत नाहीये!" आतून आवाज आला. आवाज दमलेला होता. "बाबा, मी जरा बसू का?"

सव्वीस वर्षांत सर वर्गात इतक्या जोरात ओरडले नसतील. "बसू नकोस! ऐकतेस का? काही झालं तरी बसू नकोस!"

मग ठकी म्हणाली, आणि या वेळी आवाज वेगळा होता, हिशेब जमल्यावर येतो तसा, "बाबा, ओढ काढा. कलेक्टरचा बायस काढा! पंखा आणि सरबत! त्याशिवाय थांबणार नाही!"

सरांनी पंख्याची पिन उपटली. पातेल्याला मात्र डॉक्टर धरून होते. म्हणाले, "थांबा हो, माझा पेला अर्धाच भरलाय." सरांच्या बायकोने आयुष्यात कुणाला ढकललं नव्हतं. तिने डॉक्टरांना ढकललं, पातेलं उचललं आणि अख्खं अंगणात ओतून दिलं.

मावशी बोलायच्या थांबल्या. हात तसाच पुढे होता. बऱ्याच वेळाने त्यांनी तो पदरात घेतला आणि म्हणाल्या, "लाईन बंद झाली."

खुर्च्यांच्या ढिगावरून, वरच्या हातभर फटीतून, सरपटत ठकी बाहेर आली. कोपरं सोललेली, केस विस्कटलेले. सरांनी तिला पोटाशी धरलं आणि ते सगळ्यांसमोर रडले. "मी बसले नाही, बाबा," ती म्हणत होती. "फार वाटत होतं. पण नाही बसले." मग सर्वांची नावं घेऊन हजेरी झाली. तीसच्या तीस हजर होते. मावशींचा आकडा सत्तेचाळीस होता, आणि त्या तो कमी करायला तयार नव्हत्या.

आता एवढं झाल्यावर कुणी शहाणा माणूस त्या बोळात पाय ठेवेल? सेक्रेटरी ठेवतील. दुसऱ्याच दिवशी जप्तीचा पंचनामा करायला ते कागद आणि शिक्का घेऊन आले. सर जिन्यात उभे राहून विनवत होते, "अहो, राहू द्या, निदान उभ्याने लिहा." सेक्रेटरी म्हणाले, "सरकारी भाषा उभ्याने लिहिता येत नाही," आणि पुढचीच एक खुर्ची ओढून तिच्यावर बसले.

काही झालं नाही. म्हणजे आवाज वगैरे काही आला नाही. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचा ताण तेवढा उतरला, इमारतीने तो चेहरा असा कधी पाहिला नव्हता. जरा वेळाने ते उठले, कागद तिथेच टाकून वर आपल्या घरी गेले. ते बसले होते ती खुर्ची तिथे नव्हती.

त्यानंतर नोटीस आली नाही. चपला तिरक्या राहिल्या, कुंड्या ठिबकत राहिल्या. सरांची बायको चौकशीला वर गेली तर सेक्रेटरी गॅलरीत बसले होते, प्रसन्न. त्यांची बायको म्हणाली, "दोन दिवस झाले, जागचे हलत नाहीत. जेवतात, हसतात. पण फिरणं म्हणून नाही. घरात इतकी शांतता कधी नव्हती हो, वहिनी." त्यांच्या मांडीवर पसरलेलं वर्तमानपत्र जमिनीपर्यंत आलं होतं. ते कशावर बसलेत, असं सरांच्या बायकोने विचारलं. "ते मी वाकून बघितलेलं नाही," ती बाई म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी सर ठकीबरोबर गेले. पालकांना आत सोडत नाहीत. प्रयोगशाळेच्या दाराशी शिपाई उभा होता, त्याने सरांना सव्वीस वर्षांच्या नोकरीसकट बाहेर उभं केलं. पण उकाड्यामुळे वरची झडप उघडी होती आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. सर भिंतीला टेकले. तिला नापास केलं तर तिथेच पाय धरायचे, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आधीच्या चार जणांना परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. "एमिटर बंद ठेवला. आत कुणी जात नाही. कलेक्टरमध्ये काय येईल?" चौघांनी शून्य सांगितलं आणि चौघांना त्यांनी "बसा" म्हटलं. मग ठकीचा आवाज आला.

"शून्य नाही, सर. थोडा येतो."

"कुठून?"

"उष्णतेने सुटतो. बेस आणि कलेक्टरच्या सांध्यात. एक कलेक्टरकडे ओढला जातो, त्याची रिकामी जागा बेसमध्ये येते. दहा अंशांना दुप्पट. थांबवायचं तर थंड करायचं, नाहीतर ओढ काढायची."

आतून पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे वाचलंस, की पाहिलंस?"

"पाहिलं."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. परीक्षक उठून तिच्याजवळ आले असावेत, कारण पुढचं ते फार हळू बोलले. "खुर्च्या किती झाल्या तुमच्याकडे?"

सरांनी झडपेकडे मान वर केली. खुर्च्यांचं नाव ठकीने काढलं नव्हतं.

"सव्वीस होत्या," ठकी म्हणाली. "आता पंचवीस."

"म्हणजे कुणीतरी बसलं. मग? तो माणूस नाहीसा झाला?"

हाच तो अवघड प्रश्न. पुस्तकात सरळ लिहिलंय, वाहक आणि रिकामी जागा, दोन्ही नाहीसे होतात. सव्वीस वर्षं सरांनी तेच लिहून दिलं होतं. त्यांनी डोळे मिटले.

"नाही, सर," ठकी म्हणाली. "जागा नाहीशी होते. माणूस असतो. फक्त मोकळा राहत नाही."

"शाब्बास," परीक्षक म्हणाले. "इतक्या वर्षांत मला हे उत्तर कुणी दिलं नाही. आमच्याकडे माझे वडील बसले होते. जा, पास आहेस तू. आणि उरलेल्या गारव्यात ठेवा. हळूहळू कमी होतात."

पास! बाहेर व्हरांड्यात ऊन रणरणत होतं, डोळ्यांपुढे पाणी आलेलं, धड दिसेना. त्यांना हसूही येत होतं आणि रडूही. शिपायाने ते पाहिलं, आणि माणूस चांगला असावा, घाईघाईत न बघताच त्याने भिंतीशी असलेली एक लोखंडी खुर्ची ओढून पुढे केली.

"बसा साहेब, बसा आता. झाली ना पोरगी पास."

सर बसायला वाकले. फार दमले होते ते. बसावंसं फार वाटत होतं. मग त्यांचा हात पाठीला लागला आणि ते वाकलेल्या अवस्थेतच थांबले.

"ही खुर्ची मघाशी इथे होती का हो?"

शिपायाने खुर्चीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि कपाळावरचा घाम पुसला.

"उन्हाळ्याच्या परीक्षेला निघतात एक-दोन, साहेब," तो म्हणाला. "आम्ही उभेच असतो."